ऐकणारं प्रथिन

क्षयाच्या रुग्णाच्या छातीत पाणी झालं की डॉक्टर सुई घालून ते काढतात. तपासणीपुरतं ठेवायचं, बाकीचं टाकून द्यायचं, अशी सगळीकडची रीत. १९७८ नंतरच्या दोनएक वर्षांत ओसाकाजवळच्या हाबिकिनो इथल्या सरकारी रुग्णालयात तोशिओ हिरानो नावाचा तरुण डॉक्टर मात्र ते पाणी जपून प्रयोगशाळेत नेत असे. त्या पाण्यात प्रतिकारशक्तीच्या टी पेशी खच्चून भरलेल्या असतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. या पेशींना क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं ट्युबरक्युलिन दिलं की त्या भोवतालच्या द्रवात काहीतरी सोडत. ते बी पेशींपर्यंत पोहोचलं की बी पेशी प्रतिपिंडं बनवायला लागत. ते नेमकं काय आहे हे शोधण्यात हिरानोची पुढची काही वर्षं गेली. त्यातून दाहाच्या विज्ञानातलं एक मोठं प्रकरण उभं राहिलं.

त्याच गोष्टीच्या मागावर आणखी एक जपानी डॉक्टर आधीपासून होता. तादामित्सु किशिमोतो यांचा जन्म १९३९ चा, शिक्षण ओसाका विद्यापीठात. त्यांचे गुरू युइची यामामुरा हे क्षयाचे अभ्यासक. क्षयात फुफ्फुसाला पोकळ्या का पडतात, या प्रश्नावर यामामुरांनी आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. तो नाश जंतूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेनेच जास्त होतो, या दिशेने त्यांचं काम गेलं. पुढे ओसाकात जे घडलं, त्याचं बीज मला या प्रश्नात दिसतं. १९७० मध्ये किशिमोतो अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये किमिशिगे इशिझाका यांच्याकडे गेले. ॲलर्जीला कारण होणारं आयजीई हे प्रतिपिंड इशिझाका दांपत्याने चारच वर्षांपूर्वी शोधलं होतं. तिथे किशिमोतोंना दिसलं की टी पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तो नुसता द्रवसुद्धा बी पेशींना कामाला लावतो. म्हणजे पेशीने पेशीला शिवण्याची गरज नव्हती. निरोप द्रवातून जात होता.

ऐंशीच्या दशकात हे दोघे ओसाकात एकत्र आले. निरोपाचं ते द्रव्य इतकं अल्प प्रमाणात असे, की कित्येक लिटर द्रव गाळून हाती येई ते नावापुरतं. १९८५ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळालं आणि १९८६ मध्ये त्याचं जनुक हाती लागलं. १८४ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. ओसाकाने त्याला बीएसएफ-२ म्हटलं.

आणि मग एक विलक्षण गोष्ट उघड झाली. इस्रायलमध्ये रेहोवोतला विषाणूंवर काम करणाऱ्यांनी ज्याला एक प्रकारचं इंटरफेरॉन समजून नाव दिलं होतं, ते हेच प्रथिन. बेल्जियममध्ये कर्कपेशींची वाढ करणारा घटक म्हणून जो सापडला, तोही हाच. कॅनडात हॅमिल्टनला जॅक गॉल्डी यकृताला चेतवणारं द्रव्य शोधत होते, तेही हेच निघालं. विषाणूवाले, कर्करोगवाले, यकृतवाले आणि प्रतिकारशक्तीवाले, प्रत्येकाने आपापल्या बाजूने एकाच रेणूला हात लावला होता. १९८८ पर्यंत सगळ्यांनी मिळून एक नाव मान्य केलं : इंटरल्युकिन-६, थोडक्यात आयएल-६.

यातला यकृताचा धागा आपल्या रोजच्या आयुष्याशी जोडलेला आहे. डॉक्टर चिठ्ठीवर सीआरपी लिहून देतात. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह पेटला, मग तो गुडघ्यात असो वा फुफ्फुसात, की सीआरपी भराभर वाढतं. पण ते तयार होतं यकृतात. गुडघ्यातल्या आगीची वार्ता यकृताला कशी कळते, याचं उत्तर पन्नासहून अधिक वर्षांनी मिळालं. ती वार्ता मुख्यतः आयएल-६ नेतं. ताप चढवणं, रक्तातल्या प्लेटलेट वाढवणं, लोह दडवून ठेवायला लावून पंडुरोग आणणं, सांध्याच्या अस्तराची सूज टिकवून धरणं, ही सगळी कामं त्याच्याच खात्यावर आहेत. जुनाट संधिवाताची बाई नुसती सांधे दुखतात म्हणून बसत नाही. ती फिकट पडते, तिला कणकण येते, थकवा जात नाही. एकाच रेणूचा हात या साऱ्यात आहे.

दवंडी पिटणारा गावभर फिरला, तरी ती ऐकणारे कान असतील तरच माणसं घराबाहेर येतात. पेशीच्या अंगावरचा कान म्हणजे रिसेप्टर, ग्राही प्रथिन. किशिमोतोंनी आपलं लक्ष आता त्या कानाकडे वळवलं. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने आयएल-६ च्या रिसेप्टरचं जनुक वेगळं केलं. त्यात जे दिसलं, त्याने सगळे बुचकळ्यात पडले.

रिसेप्टरचं एक टोक पेशीबाहेर असतं आणि दुसरं आत. बाहेरच्या टोकाला निरोप चिकटला की आतलं टोक पेशीला कामाला लावतं, अशी सर्वसाधारण समजूत होती. या रिसेप्टरचं आतलं शेपूट मात्र अवघ्या ८२ अमिनो आम्लांचं होतं, आणि पुढे हुकूम पोहोचवणाऱ्या इतर रिसेप्टरांत जी यंत्रणा असते, तिचा त्यात मागमूस नव्हता. तेत्सुया तागा या तरुण संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ते शेपूट कापूनच टाकलं. तरीही पेशीला आयएल-६ चा निरोप कळतच राहिला! मग त्यांनी पेशीच्या पडद्यापासून पूर्ण सुटलेला, नुसता बाहेरचा तुकडा द्रवात सोडून पाहिला. तेव्हाही निरोप पोहोचला. याचा अर्थ एकच होता. ऐकणारा वेगळा आणि आत जाऊन सांगणारा वेगळा. १९८९ मध्ये त्या दुसऱ्याचा पत्ता लागला आणि पुढच्या वर्षी त्याचं जनुकही मिळालं. नाव पडलं जीपी१३०. आयएल-६ आपल्या रिसेप्टरला चिकटतं, ही जोडी जीपी१३० ला जाऊन भिडते आणि मग पेशीच्या आत हुकमांची साखळी सुरू होते. त्या साखळीतलं स्टॅट-३ हे महत्त्वाचं प्रथिन याच गटातल्या शिझुओ अकिरांनी १९९४ मध्ये ओळखलं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग तो शेपूट कापण्याचा आहे. त्यातून दोन गोष्टी कळल्या आणि दोन्हींचे परिणाम रुग्णांपर्यंत पोहोचले. पहिली अशी की जीपी१३० शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं आणि इतरही अनेक निरोप्यांना तेच लागतं. ज्या उंदरांत जीपी१३० चं जनुक काढून टाकलं, ते जन्माआधीच मेले. आयएल-६ चं जनुक काढलेले उंदीर मात्र जगले. म्हणजे औषधाने घाव घालायचा तर जीपी१३० वर नव्हे, आयएल-६ च्या खास रिसेप्टरवर.

दुसरी गोष्ट सुटलेल्या रिसेप्टरची. आयएल-६ चा रिसेप्टर यकृताच्या आणि काही पांढऱ्या पेशींच्या अंगावरच असतो. पण तो पेशीवरून सुटून रक्तात हिंडतही असतो. १९८९ मध्ये रेहोवोतच्या दानिएला नोव्हिक आणि सहकाऱ्यांना तो निरोगी माणसांच्या लघवीतसुद्धा सापडला. हिंडणारा हा रिसेप्टर आयएल-६ ला धरून, ज्या पेशीवर स्वतःचा रिसेप्टरच नाही, तिच्या जीपी१३० लाही जाऊन भिडतो. रक्तवाहिनीच्या अस्तराला, सांध्यातल्या पेशींना, ज्यांनी हा निरोप ऐकायलाच नको होता, त्यांनाही मग तो ऐकू येतो. जर्मनीच्या स्टेफान रोझ-जॉन यांनी ही वाट आयुष्यभर अभ्यासली. जुनाट दाहातलं बरंचसं नुकसान याच आडवाटेने होतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता प्रश्न होता अडवायचं कुणाला. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी खुद्द आयएल-६ ला पकडणारं प्रतिपिंड मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. मज्जेतल्या या कर्करोगाच्या पेशी आयएल-६ वर पोसतात, हे १९८८ मध्ये किशिमोतोंच्या गटानेच दाखवलं होतं. थोडा गुण आला, पण एक अडचण उभी राहिली. प्रतिपिंडाला चिकटलेलं आयएल-६ शरीराबाहेर जाईना, रक्तातच साठत राहिलं. ओसाकाने दुसरी वाट धरली होती. रिसेप्टरवरच जाऊन बसणारं प्रतिपिंड करायचं, ते पेशीवरच्या रिसेप्टरलाही अडवेल आणि रक्तात हिंडणाऱ्यालाही.

चुगाई ही औषध कंपनी या कामात होती. उंदरापासून तयार केलेलं पीएम-१ नावाचं प्रतिपिंड १९८९ मध्ये हाती आलं. पण उंदराचं प्रथिन माणसाला पुन्हापुन्हा टोचलं तर शरीर त्यालाच परकं मानून उलटतं. केंब्रिजच्या ग्रेग विंटर यांनी १९८६ मध्ये उंदराच्या प्रतिपिंडाची फक्त पकडणारी टोकं माणसाच्या प्रतिपिंडावर कलम करण्याची युक्ती दाखवली होती. त्याच युक्तीने लंडनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या केंद्रात पीएम-१ चं मानवी रूप घडवलं गेलं. १९९३ मध्ये ते जगासमोर आलं. पुढे त्याचं नाव पडलं टोसिलिझुमॅब.

पहिली खरी परीक्षा एका दुर्मीळ आजारात झाली. कॅसलमन रोग म्हणजे लसिकाग्रंथींची एक विचित्र वाढ. बोस्टनच्या बेंजामिन कॅसलमन यांनी पन्नासच्या दशकात तिचं वर्णन केलं. गाठी वाढतात, ताप येतो, वजन उतरतं, पंडुरोग होतो, सीआरपी आकाशाला भिडतं. काझुयुकी योशिझाकी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की त्या गाठींतूनच आयएल-६ पाझरत असतं. एका रुग्णाची एकुलती गाठ शस्त्रक्रियेने काढली आणि रक्तातलं आयएल-६ उतरलं, सोबत सगळी लक्षणंही गेली. कारण आणि परिणाम इतके उघडे क्वचितच सापडतात. पण ज्यांच्या अंगभर गाठी आहेत, त्यांचं काय? नोरिहिरो निशिमोतोंनी अशा सात रुग्णांना हे औषध दिलं आणि २००० मध्ये ते प्रसिद्ध केलं. ताप आणि थकवा गेला, रक्त सुधारलं, गाठी हळूहळू आक्रसल्या. पुढे २८ रुग्णांतही तेच दिसलं. एप्रिल २००५ मध्ये जपानने कॅसलमन रोगासाठी टोसिलिझुमॅबला मान्यता दिली. हाबिकिनोच्या त्या पाण्यापासून इथवर यायला पाव शतक लागलं. सरकारी विद्यापीठाने इतका काळ एका रेणूला धरून राहू दिलं, याचं मोल आपल्याकडच्या विद्यापीठांनी ओळखावं असं फार वाटतं.

संधिवाताची मान्यता जपानमध्ये २००८ साली आली, युरोपात २००९ ला, अमेरिकेत २०१० ला. पण या औषधाने सर्वांत जास्त कुणाचं आयुष्य पालटलं असेल तर स्टिल्स आजाराच्या मुलांचं. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला हा बालसंधिवात. रोज ताप चढतो, अंगावर गुलाबी पुरळ उठतो, सांधे सुजतात, स्टिरॉइडांनी चेहरा फुगतो आणि उंची खुंटते. योकोहामाच्या शुंपेई योकोता यांनी ५६ मुलांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. कित्येक मुलांचा ताप काही दिवसांत उतरला, स्टिरॉइड कमी करता आलं. आजार आटोक्यात आलेल्या मुलांची उंची पुन्हा वाढू लागल्याचंही पुढे नोंदलं गेलं.

इथे डॉक्टरांना दोन नव्या गोष्टी शिकाव्या लागल्या. रिसेप्टर बंद असला की यकृताला दाहाची वार्ताच कळत नाही, त्यामुळे सीआरपी तळाला जातं. रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी ताप नाही, सीआरपी नाही. आजार मुकाट वाढतो. क्षय असलेल्या आपल्या देशात तर औषधाआधी छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी टाळून चालत नाही. दुसरं असं की औषध दिल्यावर रक्तातलं आयएल-६ वाढतं, कारण ते वापरणारे रिसेप्टर झाकलेले असतात. वाढलेला आकडा पाहून घाबरून दुसरा डोस देणं ही मोठी चूक ठरते.

२०१२ साल या रिसेप्टरसाठी मोठं ठरलं. त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये दोन मोठे अभ्यास आले. काही लोकांच्या या रिसेप्टरच्या जनुकात जन्मतःच एक बारीक फरक असतो आणि त्यांच्यात आयएल-६ चा निरोप थोडा मंद पोहोचतो. त्यांना हृदयविकाराचा धोका काही टक्क्यांनी कमी असल्याचं लाखो लोकांच्या माहितीवरून दिसलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्यात दाहाचा वाटा आहे, याला त्यातून मोठा पुरावा मिळाला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी मृत्यूच्या दारात होती. रक्ताचा कर्करोग दोनदा उलटला होता. कार्ल जून आणि स्टीफन ग्रप यांच्या गटाने तिच्याच टी पेशी बदलून कर्कपेशींवर सोडल्या होत्या. या कार-टी उपचाराची ती पहिली बालरुग्ण. पेशींनी काम सुरू केलं आणि ताप भडकला, रक्तदाब कोसळला, तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. स्टिरॉइड हरले. रक्ताच्या तपासणीत आयएल-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. कार्ल जून यांची मुलगी बालसंधिवाताची रुग्ण होती, म्हणून या रिसेप्टरवरचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. सातव्या वाढदिवसाला, २ मे रोजी, ती शुद्धीवर आली. तिचा कर्करोगही गेला. ओसाकातल्या संशोधकांनी संधिवातासाठी घडवलेल्या प्रतिपिंडाने कर्करोगाची ही नवी उपचारपद्धती वाचवली. त्या दिवशी एमिली दगावली असती तर कार-टीचं काम कित्येक वर्षं मागे पडलं असतं. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेने पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी दिली आणि त्याच दिवशी सायटोकाइनच्या वादळासाठी, म्हणजे आयएल-६ सारख्या निरोप्या प्रथिनांच्या अशा उद्रेकासाठी, टोसिलिझुमॅबलाही.

मग २०२० उजाडलं. फेब्रुवारीत चीनच्या हफेई शहरात शू शियाओलिंग यांनी करोनाच्या २१ गंभीर रुग्णांना हे औषध दिलं आणि बहुतेकांचा प्राणवायू सुधारल्याचं सांगितलं. मार्चमध्ये ते चीनच्या उपचारसूचीत गेलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी जगभर मागणी उसळली. भारतात हे औषध आयातच होत होतं आणि ४०० मिलिग्रॅमच्या बाटलीची किंमत चाळीस हजारांच्या घरात होती.

तो काळ आपल्याकडच्या कित्येक घरांनी भोगला आहे. २०२० च्या पावसाळ्यात मुंबईत आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पुणे, नागपूर, नाशिकपर्यंत चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात पडायची आणि शोध सुरू व्हायचा. रात्रभर फोन, व्हॉट्सॲपवर विनवण्या, या दुकानातून त्या दुकानात. काळ्या बाजारात भाव कैक पटींनी चढले. माणसांनी दागिने विकून बाटल्या आणल्या. पुरवठा इतका अपुरा होता की केंद्र सरकारला राज्यांना कोटा ठरवून द्यावा लागला.

त्या वेळी विज्ञान काय म्हणत होतं, हे शांतपणे पाहायला हवं. जुलै २०२० मध्ये पहिली मोठी तुलनात्मक चाचणी अपेशी ठरली. भारतातल्या १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही ठळक फायदा दिसला नाही. करोनातलं आयएल-६ कार-टीच्या वादळाच्या मानाने कितीतरी कमी असतं, तेव्हा ‘वादळ’ हा शब्दच इथे चुकीचा आहे, असंही काही अभ्यासकांनी बजावलं. पण ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या रिकव्हरी चाचणीत रुग्ण भरती होतच होते. एकूण ४,११६. निकाल २०२१ च्या फेब्रुवारीत आला. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात शंभरातले ३५ दगावले, ज्यांना टोसिलिझुमॅबही मिळालं त्यांच्यात ३१. बहुतेकांना सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू होतं. या चाचणीत कुणाला घ्यायचं याची अट महत्त्वाची होती : प्राणवायू कमी पडत असला पाहिजे आणि सीआरपी किमान ७५ असलं पाहिजे. म्हणजे ज्याच्या यकृताने आयएल-६ चा निरोप ऐकल्याचा पुरावा रक्तात आहे, त्यालाच.

शंभरात चार. पंचवीस जणांना औषध द्यावं तेव्हा एकाचा जीव अधिक वाचतो. हा फायदा लहान नाही, अतिदक्षता विभागात तो फार मोठा आहे. पण घरच्यांना वाटलं तसं ते संजीवनी नव्हतं. प्राणवायू ठीक असलेल्या रुग्णासाठी किंवा आठवडाभर यंत्रावर राहून जंतुसंसर्ग झालेल्यासाठी बाटली शोधत फिरलेल्या मुलाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. बाटली मिळाली नाही म्हणून आपला बाप गेला, ही टोचणी कित्येकांच्या मनात आजही असेल. त्यांतल्या बहुतेकांना ती बाळगण्याचं कारण नाही, हे आकडे तेच सांगतात. आणि ज्यांना ती खरोखर हवी होती, त्यांना ती पैशाच्या जोरावर नव्हे, गरजेच्या क्रमाने मिळायला हवी होती. जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी आयएल-६ चा निरोप अडवणाऱ्या औषधांची शिफारस केली. भारतात हैदराबादच्या हेटेरोने बनवलेल्या त्याच प्रकारच्या औषधाला आणीबाणीची परवानगी सप्टेंबरमध्ये मिळाली. तोवर दुसरी लाट ओसरली होती.

त्या लाटेच्या उतारावरच, ४ जून २०२१ रोजी, नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत देशातला पहिला कार-टी उपचार झाला. पेशी बदलण्याचं तंत्र आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने विकसित केलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या उपचाराला, नेक्सकार-१९ ला, मान्यता मिळाली. परदेशात ज्याला तीन-चार कोटी लागतात, त्याच्या तुलनेत हा खर्च फारच कमी. या उपचारातही ताप भडकू शकतो आणि तेव्हा हाताशी लागतं ते टोसिलिझुमॅबच. अमेरिकेने २०१७ मध्ये रुग्णालयांना अट घातली होती की प्रत्येक कार-टी रुग्णामागे या औषधाचे किमान दोन डोस आवारातच असले पाहिजेत आणि गरज पडल्यापासून दोन तासांत ते देता आले पाहिजेत. कार-टी आता मुंबईबाहेरच्या शहरांतही पोहोचतो आहे. तिथे पेशी टोचण्याच्या आधीच ही बाटली रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये असली पाहिजे, आणि ती आणण्याची जबाबदारी रुग्णालयाची असली पाहिजे, नातेवाइकांची नव्हे.